ईसीजी काढायला हवा होता हे मान्य. पण मृत्यू त्यामुळेच झाला हे कसे सिद्ध करायचे?

तुमच्या प्रश्नातील घटनाक्रम आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वडील ५८ वर्षांचे, मधुमेही, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवणारे. रात्री साडेदहाच्या सुमारास छातीत जळजळ आणि दडपण सुरू झाले, घाम आला आणि ११.४० वाजता तुम्ही त्यांना गावातल्या खासगी रुग्णालयात नेले. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तपासून पित्ताचे इंजेक्शन दिले आणि सकाळी ओपीडीत दाखवा असे सांगून घरी पाठवले. रुग्णालयात ईसीजीचे यंत्र होते, पण ईसीजी काढला गेला नाही. दोनच्या सुमारास पुन्हा दुखू लागले, तेव्हा डॉक्टरांनी पित्तच सांगितले आहे म्हणून वडिलांनीच जायला नकार दिला. पहाटे साडेचारला ते कोसळले आणि दुसऱ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत नाडी नव्हती. शवविच्छेदनाला घरच्यांनी नकार दिला. आता तुमच्या नोटिशीला पहिल्या रुग्णालयाच्या वकिलांनी उत्तर पाठवले आहे की, ईसीजी काढायला हवा होता असे वादासाठी गृहीत धरले, तरी रुग्ण वाचला नसता. चूक समोर दिसत असताना असे उत्तर कायद्यात टिकते का, शवविच्छेदन नसल्याने सगळे संपले का, आणि पोलिसांत जावे की ग्राहक आयोगात, असे तुम्ही विचारले आहे.

असे उत्तर टिकू शकते, हे आधीच स्पष्ट सांगतो. तुमच्या पत्रातली बहुतेक जागा डॉक्टरांचे कसे चुकले हे सांगण्यात गेली आहे. ते स्वाभाविक आहे, पण तुमचे प्रकरण तिथे अडणार नाही. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात दोन वेगळे प्रश्न असतात. डॉक्टरांनी त्या क्षेत्रातील सर्वसाधारण कुशल व्यक्तीने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हा पहिला. आणि ती काळजी न घेतल्यामुळेच हे नुकसान झाले का, म्हणजे कारणसंबंध, हा दुसरा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही हे शब्दांतच आहे: सेवेतील त्रुटी म्हणजे ज्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाला हानी पोहोचते तो, आणि कलम ३९ खाली भरपाई मिळते ती सामनेवाल्याच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या, निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीची. पहिल्या प्रश्नावर तक्रारदार जिंकतो आणि दुसऱ्यावर हरतो, असे निकाल मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत तक्रारीच्या कागदपत्रांत दुसऱ्या प्रश्नाबद्दल एक परिच्छेदही नव्हता.

हा बचाव किती जुना आणि किती धारदार आहे हे लंडनच्या एका खटल्यावरून दिसते, जो या विषयावर बोलताना हमखास निघतो. १ जानेवारी १९६६ च्या पहाटे तीन रखवालदार चहा प्यायले, तिघांनाही उलट्या सुरू झाल्या आणि ते चेल्सीतल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेले. तिथल्या डॉक्टरांची स्वतःचीच तब्येत बरी नव्हती. त्यांनी रुग्णांना न पाहता, घरी जा आणि आपापल्या डॉक्टरांना दाखवा, असा निरोप परिचारिकेमार्फत दिला. त्यांपैकी एक जण काही तासांत मरण पावला. चहात आर्सेनिक होते. न्यायालयाने निष्काळजीपणा झाला हे निःसंदिग्धपणे मान्य केले आणि तरीही विधवेचा दावा फेटाळला, कारण त्यांना लगेच दाखल केले असते तरी विषाचे निदान होऊन उतारा मिळेपर्यंत उशीर झालाच असता, असे पुराव्यावरून दिसत होते. तुम्हाला आलेल्या उत्तरामागचा विचार हाच आहे.

मात्र त्या निकालाचा आधार घेताना बचावपक्ष एक गोष्ट झाकतो. तिथे वैद्यकीय पुराव्यातून तासांचा हिशेब मांडला गेला होता: किती वाजता दाखल झाले असते, कोणत्या तपासणीला किती वेळ लागला असता, उतारा कधी मिळाला असता आणि मृत्यू कधी झाला. तुम्हाला आलेल्या उत्तरात असा हिशेब नाही, नुसते विधान आहे. म्हणून तो हिशेब तुम्ही मांडायचा. जे घडले नाही पण घडायला हवे होते, त्याचा घटनाक्रम मिनिटामिनिटाने उभा करणे हेच तुमच्या दाव्यातले खरे काम आहे.

तो असा मांडता येईल. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत काढावा, असा हृदयरोगावरील मार्गदर्शक सूचनांचा सर्वमान्य दंडक आहे, म्हणजे ११.५० पर्यंत ईसीजीची पट्टी हातात यायला हवी होती. त्यात हृदयविकाराच्या झटक्याची स्पष्ट लक्षणे असती तर ॲस्पिरिन चावायला देणे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देणे किंवा मिरजेच्या हृदयरोग विभागात पाठवणे, हे पर्याय होते. ते इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत देता येते आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. तुमचे वडील सव्वा तासातच रुग्णालयात पोहोचले होते. तुमच्या गावाहून मिरज तासाभराच्या अंतरावर आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे तयारीचा वेळ धरूनही ते दीडपर्यंत हृदयरोग विभागात असते. ते कोसळले साडेचारला. आर्सेनिकच्या खटल्यात घड्याळ रुग्णाच्या विरुद्ध होते. तुमच्याकडे मधले जवळजवळ पाच तास आहेत.

इथे बचावपक्ष दोन गोष्टी म्हणेल. पहिली, पहिला ईसीजी सामान्यही आला असता. हे खरे आहे, असे होते. पण म्हणूनच मधुमेही, घामाघूम झालेल्या रुग्णाला एक ईसीजी सामान्य आला तरी थांबवून घेतात, ठरावीक अंतराने पुन्हा ईसीजी काढतात आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ताची, तपासणी करतात. दुसरी, आणि ही जास्त चलाखीची, ती अशी की ईसीजी काढला असता तरी आम्ही त्याचा अर्थ वेगळा लावून घरीच पाठवले असते, त्यामुळे न काढल्याने फरक काय पडला? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर, १९९७ मध्ये बोलिथो प्रकरणात नेमका असा प्रश्न आला होता. श्वास अडकलेल्या लहान मुलाकडे डॉक्टर आल्याच नाहीत, आणि आले असते तरी मी श्वासनलिकेत नळी घातली नसती, असे त्यांनी साक्षीत सांगितले. तिथे ठरले ते असे की, डॉक्टरांनी प्रत्यक्षात काय केले असते एवढ्यावर प्रश्न संपत नाही. तसे करणे हाही निष्काळजीपणाच ठरला असता का, हेही पाहावे लागते. ती बाजू त्या खटल्यात मुलाच्या कुटुंबाच्या विरुद्ध गेली, पण तत्त्व तुमच्या उपयोगाचे आहे. झटक्याची लक्षणे दाखवणारी पट्टी हातात घेऊन रुग्णाला घरी पाठवणारा डॉक्टर स्वतःच्या दुसऱ्या चुकीच्या आडोशाने पहिल्या चुकीतून सुटू शकत नाही.

आणखी एक मुद्दा आहे, जो वकील मंडळी सहसा मांडत नाहीत आणि डॉक्टर साक्षीदाराला विचारला की तो लगेच मान्य करतो. झटका आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंमागे पुष्कळदा हृदयाची लय बिघडणे हे कारण असते. घरी असे झाले तर माणूस कोसळतो आणि मिनिटांत जातो. मॉनिटर लावलेल्या खाटेवर झाले तर शॉक देऊन लय परत आणता येते. म्हणून गुठळीवरचा उपचार किती यशस्वी झाला असता यावर वाद घालत न बसता, वडील पहाटे साडेचारला अतिदक्षता विभागात असते तर काय झाले असते, हा प्रश्न तुमच्या तज्ज्ञाला स्वतंत्रपणे विचारा. दाखल करून घेणे हाच एक उपचार आहे, हे आयोगापुढे यायला हवे.

आता शवविच्छेदनाबद्दल. ते नसल्याने अडचण वाढली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहाटे पाचला, घरातले सगळे कोसळलेले असताना बहुतेक कुटुंबे जो निर्णय घेतात तोच तुम्ही घेतला, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पण त्याचा परिणाम समजून घ्या. दुसऱ्या रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ‘हृदयविकाराचा संभाव्य झटका’ असे आहे, आणि ते लिहिणाऱ्या डॉक्टरांनी वडिलांना जिवंत पाहिलेच नव्हते. मग समोरचे वकील विचारतील की, मृत्यू महाधमनी फाटून झाला नाही कशावरून? फुप्फुसात गुठळी अडकून झाला नाही कशावरून? महाधमनी फाटली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उलट घातकच ठरले असते, असेही ते म्हणतील, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर असेल.

याला उत्तर देताना लक्षात ठेवा की ग्राहक आयोगात शंभर टक्के खात्री द्यावी लागत नाही. शक्यतांच्या तराजूत तुमचे पारडे थोडे जरी खाली गेले, तरी पुरते. मधुमेह, छातीतले दडपण, घाम, काही तासांनी पुन्हा उठलेले दुखणे आणि अचानक कोसळणे, या सगळ्याला सर्वांत जास्त जुळणारे कारण कोणते, एवढेच सांगायचे असते. प्रत्येक पर्यायी कारणाची कल्पनेतली शक्यता खोडून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. मात्र त्या कारणांची लक्षणे नव्हती हे दाखवणारे जे काही असेल, उदाहरणार्थ पाठीत फाडल्यासारखी कळ नव्हती, पाय सुजलेला नव्हता, आधीच्या तपासण्यांत धमनीचा दोष निघाला नव्हता, ते शपथपत्रात आवर्जून यायला हवे.

याच्या जोडीला एक युक्तिवाद आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रकरणात तो सर्वांत वजनदार आहे. मृत्यूचे कारण काय होते हे सांगू शकणारा पुरावा म्हणजे ११.५० चा ईसीजी, आणि तो नाही कारण तो काढण्याचे ज्यांचे काम होते त्यांनी तो काढला नाही. मग त्या पुराव्याच्या अभावाचा फायदा त्यांनाच कसा द्यायचा? हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे की, तक्रारदाराने प्राथमिक भार पेलून निष्काळजीपणाचे प्रकरण उभे केले की आपल्याकडून हयगय झाली नाही हे पटवून देण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते. हे वाक्य कारणसंबंधाला आपोआप लागू होते असे मी म्हणणार नाही, आणि प्रत्येक आयोग ते त्या टोकापर्यंत नेईलच असेही नाही. पण ज्याच्या हयगयीने पुरावाच तयार झाला नाही त्याने ‘पुरावा कुठे आहे’ असे विचारावे, हे न्यायासनावर बसलेल्या माणसाला सहसा रुचत नाही.

मृत्यूच्या कारणावरचा वाद आपल्या न्यायालयांना नवा नाही. जोशी विरुद्ध गोडबोले हा या विषयातला सर्वोच्च न्यायालयाचा पायाभूत निकाल आपल्याच भागातला आहे. मे १९५३ मध्ये गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले गेले, तिथे भूल न देता जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच रात्री तो गेला. मृत्यू चरबीचा कण रक्तात अडकल्याने झाला, म्हणजे मूळ अपघाताचाच तो परिणाम, असा डॉक्टरांचा बचाव होता. न्यायालयांनी पुरावा तपासून मृत्यूचे कारण भूल न देता केलेल्या ओढाताणीचा धक्का हे धरले आणि ३,००० रुपयांची भरपाई शेवटपर्यंत कायम राहिली. तुम्ही या निकालातली काळजीच्या दर्जाची वाक्ये वाचाल, सगळेच वाचतात. मी सुचवेन की त्यातला चरबी की धक्का हा वाद कसा सोडवला तो भाग वाचा. प्रवासात रुग्णाची अवस्था कशी होती, वेदनाशामकाची किती इंजेक्शने सांगितली होती आणि प्रत्यक्षात किती दिली गेली, असल्या बारीक नोंदींवरून तिथे कारण ठरले आहे.

रात्री दोन वाजता वडिलांनी पुन्हा रुग्णालयात जायला नकार दिला, हा मुद्दा नोटिशीच्या उत्तरात नाही, पण लेखी कैफियतीत, म्हणजे आयोगातल्या त्यांच्या लेखी उत्तरात, नक्की येईल. साखळी तिथे तुटली, पुढच्या परिणामाला आम्ही जबाबदार नाही, असे ते म्हणतील. हा नकार लपवू नका. लपवलेली गोष्ट उलटतपासात निघाली की चांगल्या साक्षीचेही मोल जाते. उलट तुम्हीच तक्रारीत लिहा की तो नकार डॉक्टरांनी दिलेल्या चुकीच्या दिलाशातून आला होता. छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे, अच्युतराव खोडवा प्रकरण इथे उपयोगी पडेल. जुलै १९६३ मध्ये सरकारी रुग्णालयात संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाळंतिणीच्या पोटात कापडाचा बोळा राहिला, पू झाला, दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढला गेला आणि काही दिवसांत ती गेली. दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे मृत्यू झाला असे मानले तरी बोळा राहिला नसता तर ती शस्त्रक्रियाच करावी लागली नसती, असा सर्वोच्च न्यायालयाचा विचार होता, आणि बोळा नेमका कोणाच्या हातून राहिला हे कुटुंबाने सिद्ध करण्याचीही गरज धरली गेली नाही. खालच्या न्यायालयाने दिलेला ३६,००० रुपयांचा हुकूमनामा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो १९९६ मध्ये पुन्हा कायम झाला. मधली तेहतीस वर्षे त्या कुटुंबाने कशी काढली असतील, हा विचार तो निकाल वाचताना दर वेळी मनात येतो.

इथपर्यंतचे म्हणणे एवढेच की, चूक सिद्ध करणे अवघड नाही, मृत्यूचे कारण बहुधा हृदयविकाराचा झटका हे दाखवणे शक्य आहे, आणि वेळेत दाखल केले असते तर वडील वाचण्याची शक्यता न वाचण्यापेक्षा जास्त होती हा शेवटचा दुवा तज्ज्ञाकडून पक्का करावा लागेल.

हा शेवटचा दुवा निम्म्याच्या खाली राहिला तर काय? समजा तज्ज्ञाने सांगितले की वाचण्याची शक्यता होती, पण न वाचण्याची जास्त होती. इंग्लंडमध्ये झाडावरून पडलेल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या खटल्यात, निदानाला पाच दिवस उशीर झाल्याने पूर्ण बरे होण्याची २५ टक्के संधी गेली, असे ठरले. खालच्या न्यायालयाने तेवढ्याच प्रमाणात भरपाई दिली, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८७ मध्ये ती रद्द केली: संधी निम्म्याहून कमी म्हणजे नुकसान उशिरामुळे झालेच नाही. २००५ मध्ये कर्करोगाच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हीच भूमिका बहुमताने कायम ठेवली. मला हे तर्कशास्त्र कधीच पूर्ण पटलेले नाही. ५१ टक्क्यांना सगळे आणि ४९ टक्क्यांना काहीच नाही, हे रुग्णाच्या नातेवाइकाला समजावून सांगताना जीभ अडखळते. आपल्याकडे हा नियम इतक्या काटेकोरपणे वापरला जात नाही. मृत्यूचा कारणसंबंध पुरेसा सिद्ध झाला नाही तरी सेवेतील त्रुटी आणि मानसिक त्रास यांसाठी ग्राहक आयोग काही रक्कम देतात. म्हणून तक्रारीत मुख्य मागणी मृत्यूच्या भरपाईची ठेवा आणि पर्यायी मागणी म्हणून वेळेवर उपचार मिळण्याची संधी हिरावली गेल्याचे आणि त्या त्रासाचे नुकसान स्वतंत्र परिच्छेदात मांडा. आधी मागितलेले नसेल तर ऐन युक्तिवादाच्या वेळी ते मागता येत नाही.

जिंकलात तरी भरपाईच्या आकड्यावर याच विचाराची सावली राहील. मधुमेह असलेला माणूस झटक्यातून वाचला असता तरी त्याचे हृदय काही प्रमाणात दुबळे राहिले असते, असे समोरचे म्हणतील. तो मुद्दा रकमेचा आहे, जबाबदारीचा नाही. दोन्ही मिसळू देऊ नका.

पोलिसांत जावे का, हा तुमचा तिसरा प्रश्न. माझा कल नाही म्हणण्याकडे आहे, आणि त्याचे कारण पुन्हा कारणसंबंधच आहे. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी ओंकार रामप्रताप प्रकरणात म्हटले की, निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्यात आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे निकटचे आणि प्रभावी कारण असले पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या निष्काळजीपणाच्या मध्यस्थीशिवाय. ते नसते तर मृत्यू झाला नसता एवढे दाखवून भागत नाही. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात आग लागून कामगार मेले, त्या रंगवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच वचन उचलून कारखानदाराला मृत्यूच्या आरोपातून सोडले, कारण आगीचे निकटचे कारण कामगाराने घाईने ओतलेले टर्पेंटाइन हे होते; ज्वलनशील वस्तूंबाबतच्या हयगयीची शिक्षा मात्र कायम राहिली. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने आणखी दोन पायऱ्या घातल्या: निष्काळजीपणा ढोबळ, अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरांचे मत घ्यावे लागते. रात्री दोनचा नकार, शवविच्छेदनाचा अभाव आणि वाजवी संशयापलीकडची सिद्धता, या तिन्हींतून तुमचे प्रकरण पार पडणे कठीण आहे. आणि आरोपी सुटला की तो निकाल ग्राहक आयोगात दाखवला जातो, जरी तो तिथे बंधनकारक नसला तरी.

एक गोष्ट मात्र तपासा. ड्युटीवरचे डॉक्टर कोणत्या पॅथीचे होते आणि कोणत्या परिषदेकडे त्यांची नोंदणी होती? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये वैद्यकीय उपचार करताना झालेल्या मृत्यूसाठी नोंदणीकृत डॉक्टरांना पाचऐवजी कमाल दोन वर्षांच्या शिक्षेची जी सवलत आहे, ती राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याखालच्या पात्रता आणि नोंदणीपुरती आहे. शिवाय मुंबईच्याच पूनम वर्मा प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, होमिओपॅथीची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरवला आणि तीन लाख रुपये भरपाई दिली. तुमच्या प्रकरणात तसे निघाले तर रुग्णालयाची बाजू पुष्कळ कमकुवत होईल, पण म्हणून वर सांगितलेला तासांचा हिशेब मांडायचे सोडू नका. अशा पदवीधारकांना कोणती औषधे देण्याचा अधिकार आहे यावर राज्यागणिक वेगळा वाद निघतो आणि सगळा खटला त्यातच वाहून जाऊ शकतो.

राहिला पुरावा. तुम्ही जोडलेल्या केसपेपरच्या प्रतीवर चारच ओळी आहेत: छातीत जळजळ, घाम, रक्तदाब १००/७०, पॅन्टोप्राझोलचे (पित्ताचे) इंजेक्शन. घामाची नोंद त्यांच्याच हस्ताक्षरात आहे, यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही. मूळ नोंदींची प्रमाणित प्रत लेखी अर्ज देऊन मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. ओपीडीचा कागद म्हणून ते टाळाटाळ करतील, तरी अर्जाची पोच घ्या. नकारही कामाला येतो. औषधांच्या बिलाचे तुमचे यूपीआय पेमेंट ११.५८ चे आहे, म्हणजे तपासणी, इंजेक्शन आणि बिल हे सगळे अठरा मिनिटांत आटोपले. बँकेचा तपशील काढून ठेवा, कारण केसपेपरवरची वेळ कोणीही नंतर लिहू शकतो, बँकेच्या नोंदीचे तसे नाही. दुसऱ्या रुग्णालयाच्या ईसीजी पट्टीवर मात्र ३.१० अशी वेळ छापली आहे आणि तुम्ही तिथे पोहोचलात ४.५० ला. यंत्राचे घड्याळ लावलेले नसते, हे रोजचेच आहे. पण समोरचे वकील यावरून तुमचा सगळा घटनाक्रम खोटा ठरवू पाहतील. त्या रुग्णालयाच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा आणि तिथल्या डॉक्टरांचे दोन परिच्छेदांचे शपथपत्र आताच घ्या.

तज्ज्ञाचे मत घेताना प्रश्न कसा विचारता यावर उत्तर अवलंबून असते. ‘निष्काळजीपणा झाला का’ असे विचारले की, विशेषतः डॉक्टरांच्या समितीकडून, ‘उपचारांत निष्काळजीपणा आढळून येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि ते खोडायला वर्षे जातात. त्याऐवजी, ५८ वर्षांच्या मधुमेही पुरुषाला ही लक्षणे असताना ११.५० ला ईसीजीत काय दिसण्याची शक्यता होती, तसे दिसल्यावर कोणते उपचार कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळाले असते, आणि ते मिळाले असते तर पहाटे साडेचारला मृत्यू टळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होती का, असे टप्प्याटप्प्याचे प्रश्न लेखी द्या. उघड चुकीच्या प्रकरणात तज्ज्ञ लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने किशन राव निकालात २०१० मध्ये म्हटले आहे आणि तुमचे वकील त्यावर भर देतील. चुकीपुरते ते ठीक आहे. कारणसंबंधासाठी हृदयरोगतज्ज्ञाशिवाय जाऊ नका.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच दाखल होईल. नव्या कायद्यात अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते, आणि तुम्ही दिलेले बिल काहीशे रुपयांचे आहे. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. आई आणि तुम्ही भावंडे सर्वच वारस म्हणून तक्रारदार व्हा, सामनेवाल्यांत डॉक्टर आणि रुग्णालय दोघांनाही घ्या, आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांचे शपथपत्र तक्रारीसोबतच जोडा. तालुक्याच्या गावी रात्रपाळीचे डॉक्टर वर्ष-सहा महिन्यांत बदलतात आणि नंतर त्यांचा पत्ता शोधत फिरावे लागते.